रुपरावांच्या आधी गाडीने मारलेला ब्रेक

एसटीत तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या रुपराव भोयरांचा अपमान मुलीच्या नव्या गाडीने नागपूर सुटायच्या आत, जरीपटक्यातच केला. इंडिकेटर न देता त्यांनी गाडी बाजूच्या लेनमध्ये घातली, तर स्टिअरिंगने त्यांचाच हात हळूच मागे ओढला.

“हे काय आहे वं?” त्यांनी शेजारी बसलेल्या मिनलला विचारलं. ती बुटीबोरीच्या कारखान्यात इंजिनिअर.

“गाडी लेन सोडू देत नाही, बाबा. पुढे कोणी आलं तर ब्रेकही स्वतःच मारते.”

“मंग मी काहून बसलो इथं? हार घालून फोटो ठेव माहा.”

मागे त्यांची बायको गोपिकाबाई मांडीवरचे संत्रा बर्फीचे डबे सावरत हसल्या. पारशिवनीला भाचीचं साक्षगंध होतं.

“दहा-पंधरा वर्षांत ड्रायव्हरच लागणार नाही,” मिनल म्हणाली.

“नागपुरात? बर्डीवर गाय बसली राहीन, तं तुही गाडी तिच्यामागंच म्हातारी होईन. ‘हट वं माय’ म्हणाले माणूसच लागते.”

रुपराव बोलत होते जोरात, पण पोटात भलतंच होतं. आठ महिन्यांपासून उजव्या डोळ्यापुढे ताकासारखं पांढरं साचलं होतं. ड्रायव्हरचे डोळे गेले म्हणजे पहेलवानाचे गुडघे गेले, सांगणार कोणाला? गोपिकाबाईंना कळलं असतं तर त्यांनी स्कूटरची चावीसुद्धा कणकेच्या डब्यात लपवली असती.

कन्हान ओलांडलं आणि ऊन काचेवर आलं. रुपराव एकही अपघात न केल्याबद्दल मिळालेल्या बिल्ल्याची गोष्ट रंगवत होते. तेवढ्यात गाडी ओरडली आणि त्यांचा पाय हलायच्या आत करकचून थांबली. बर्फीचा एक डबा थेट त्यांच्या टाळक्यावर आला.

बोनेटपुढे दोन हातांवर कडब्याने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसलेला माणूस पाना फेकून उठला.

“अबे, आंधळा आहे का बे?”

अशा माणसांसाठी रुपरावांकडे तीस वर्षांत घासून तयार झालेली उत्तरं होती, बरीचशी त्यांच्या आईबापांसकट. त्यांनी तोंड उघडलं. त्या माणसाच्या पोटऱ्या आणि बोनेट यांच्यामधली जागा पाहिली.

“हो गा,” ते म्हणाले.

शिव्यांची तयारी करून आलेला तो माणूस गोंधळला आणि मुकाट्याने पाना शोधायला लागला.

“अवो, काय म्हणता?” गोपिकाबाई पुढे वाकल्या.

“उजव्या डोळ्यानं दिसून नाही राहिलं. आठ महिने झाले.”

गोपिकाबाईंना एकदम आठवलं. “म्हणून दिवाळीत शेजारच्या पुष्पलताले ‘या काकाजी’ म्हणलं होतं काय!”

मिनल मात्र हसली नाही. खाली उतरून तिने वडिलांच्या बाजूचं दार उघडलं. रुपराव निमूटपणे उठले आणि पलीकडे जाऊन बसले. पारशिवनीपर्यंत ते गाडीला एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या सकाळी रुपराव बायकोकडे टक लावून पाहत बसले.

“काय पाहून राहिले?”

“तू म्हातारी झाली वं.”

“आठ महिन्यांत नाही झाली,” गोपिकाबाई म्हणाल्या आणि औषधाची बाटली उघडून त्यांनी नवऱ्याची हनुवटी वर केली. “हला नका. थेंब टाकून राहिली.”