साऱ्यांच्या नावाने वाजणारा मोबाईल

आपल्या घराची किल्ली नाक्यावरच्या दुकानदाराच्या गल्ल्यात ठेवून आपण निश्चिंत झोपाल काय? नाही म्हणत असाल, तर माझे ऐका. पनवेलमधल्या पुष्कळ सज्जनांनी किल्लीहून मोलाची वस्तू अशीच दुसऱ्याच्या हाती दिली होती, आणि ती माझ्या पोटात राहत होती.

मी एक बटणांचा मोबाईल बोलतो आहे.

माझा जन्म परमुलखातल्या कारखान्यात झाला. तिथे कोणता देव पुजतात, मला ठाऊक नाही. पनवेलला आलो तेव्हा शैलेशने मला विकत घेऊन थेट गावदेवीच्या देवळात नेले आणि कुंकवाचे बोट लावले. ते कुंकू पाचच्या बटणाखाली गेले. तेव्हापासून ते बटण दोनदा दाबावे लागते. मग त्याने माझ्या कंठात गणपतीची आरती घातली. कोणाचाही फोन आला की मी आरती म्हणू लागलो. देवाचे नाव मुखी असणे हे भाग्यच आहे. त्या नावाच्या आडून काय चालेल, हे मात्र यंत्राच्या हाती नसते.

काही वर्षांनी शैलेशने काचेवर बोट फिरवायचा फोन घेतला. त्याच सुमारास त्याने उरण नाक्याजवळच्या गल्लीत ऑनलाइन कामांचे दुकान थाटले आणि मला दोरी बांधून गल्ल्याशेजारी टांगले. मी दुकानाचा नंबर झालो. मी वाजलो की रांगेतली म्हातारी माणसे चपला काढून हात जोडत. शैलेश आरती संपायच्या आत मला उचली, आणि ती माणसे खिन्न होत.

२०१७ साली वर्षातून एकदा स्वतःचा पत-अहवाल फुकट पाहता येतो, ही बातमी गावात पसरली. कोणी कोणत्या बँकेकडून काय घेतले, वेळेवर फेडले की चुकवले, राहतो कुठे, क्रमांक कोणता वापरतो, हे सारे त्या अहवालात असते आणि त्यावरून माणसाला तीन आकडी गुण मिळतात. हा आरसा माणसाने दार लावून स्वतः पाहायचा. पनवेलकरांनी तो लग्नाच्या ताटात ठेवला.

सुरुवात कोणी केली, सांगता येत नाही. उरणकडच्या एका सोयरिकीत मुलाच्या मामाने अहवाल मागितला म्हणे, आणि मग न मागणे कमीपणाचे ठरले. कोळीवाड्यात लग्न पक्के करायची सुपारी फुटायची तर ताटात नारळ, पानविडा, हळदकुंकू आणि त्यांच्या मधोमध अहवाल. हळदीचे बोट पुसता यावे म्हणून तो प्लास्टिकमध्ये मढवलेला असे. भरघोस गुणांच्या मुलाला सुवासिनी ओवाळीत. कमी गुणांच्या मुलाला, त्याची नोकरी पक्की असली तरी, दारापाशी बसवून सरबत देत. आपल्या देवघरात देवाच्या टाकासमोर अहवाल उभा करून त्याला फूल वाहणारी माणसे मला ठाऊक आहेत. देव काय म्हणाला असेल, त्याचा विचार कोणी केला नाही.

अहवाल काढताना क्रमांक आणि ईमेल द्यावा लागतो. लोक शैलेशला म्हणत, "आमचा नंबर कशाला, तुझाच टाक. तू हायसच की." शैलेशने तसे केले. पहिल्यांदा त्यात आळसाखेरीज काही नव्हते. आपट्याचा दयाराम, नेऱ्याची सखूबाई, मोहल्ल्यातला किराणावाला खलील, सगळ्यांपुढे माझाच क्रमांक लागला. खात्री पटवणारे आकडे माझ्यावर येत, अहवाल शैलेशच्या ईमेलवर येई, आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच होता: दुकानाचे नाव.

उघड्या दारातून आत डोकावणे हा पहिला अपराध. आत पाहिलेले बाहेर विकणे हा दुसरा. शैलेश पहिल्यापाशी फार दिवस थांबला नाही. मुलाकडचे मुलीकडच्यांविषयी, मुलीकडचे मुलाकडच्यांविषयी हळूच विचारू लागले, आणि तो चहापाण्याच्या नावाखाली सांगू लागला. कोणाचा हप्ता थकला, कोण कोणाला जामीन राहिला, कोणी मोटरसायकल घेऊन वडिलांना मामाची म्हणून सांगितले. मी सारे ऐकले. मला वाजण्यापलीकडे काही करता येत नव्हते.

त्याची पहिली शिक्षा वाढदिवसांनी झाली. अहवालावरचा क्रमांक बँकांकडेही पोहोचला, आणि ज्याच्या-त्याच्या जन्मतारखेला त्या मला शुभेच्छा पाठवू लागल्या. शैलेश जवळजवळ रोज जन्मू लागला. कधी सखूबाई म्हणून, कधी दयाराम म्हणून.

मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. चुकीचा नंबर आहे म्हणावे, तर बँक गिऱ्हाइकाकडे नवा क्रमांक मागणार आणि त्याचे दुकान उघडे पडणार. म्हणून ज्याचे नाव घेतले जाई, तो शैलेश होई. दयारामसाठी खोकून घसा जड करी. सखूबाईसाठी आवाज चिरका काढी आणि गुडघ्यांची तक्रार सांगे. खलीलसाठी सलाम करी. पलीकडून दरवेळी विचारत, "म्हणजे आपणच ना?" आणि शैलेश दरवेळी सांगे, "हो, मीच." हे होकार कुठेतरी नोंदले जात होते. एकच क्रमांक, एकच ईमेल, प्रत्येक नावाला स्वमुखाने दिलेला होकार. अहवाल तयार करणाऱ्या ज्या यंत्राने हे जुळवले, त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे योग्यच निष्कर्ष काढला: ही सर्व मिळून एकच मनुष्य आहे.

या सुमारास कोळीवाड्यातल्या गंगाबाईच्या मुलीचे, विनिताचे, लग्न ठरत आले. गंगाबाई मासळी विकते. विनिता नवीन पनवेलच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. मुलगा उरणचा परेश, बंदरात कामाला. दोघांची मने आधीच जुळलेली होती. परेशचे वडील विनायकराव सरळ, पण कागदावर विसंबणारे. त्यांनी उघडपणे विनिताचा अहवाल मागितला.

विनिताचे स्कूटरचे कर्ज केव्हाच फिटले होते. भिण्यासारखे काही नव्हते. गंगाबाई दुकानात आली, नेहमीप्रमाणे माझा क्रमांक लागला. पैसे मोजून चोरून विचारणारा या वेळी कोणी नव्हता, आणि जो अहवाल विकायचा नसे तो शैलेश वाचत नसे. त्याने तो मढवून दिला. गंगाबाईला वाचता येत नाही. तिने त्यावर हळदकुंकू वाहिले आणि ताटात ठेवला.

पुढचे मला विनिताच्या तोंडून कळले. दोन्ही घरची माणसे बसली होती. विनायकरावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचले. नाव विनिता. अन्य नावे दयाराम, खलील, सखूबाई. पत्ते आपटा, नेरे, मोहल्ला. कर्जे स्कूटर, होडीचे इंजिन, म्हैस, किराणा मालाचे गोदाम. म्हशीचे हप्ते थकलेले.

त्यांनी चष्मा खाली ठेवला. "गंगाबाय, मुलगी एक सांगितली होतीत. ताटात तर चौघं दिसतात."

परेशच्या आत्येने दयाराम पहिला नवरा का, आणि मग खलील कधीचा, असे विचारले. दुसऱ्या कोणी म्हशीचे दूध कोणाकडे जाते, याची चौकशी केली. गंगाबाई एवढेच म्हणाली, "माजी पोर एकलीच हाय. तिचं नावबी येकच हाय." सुपारी फुटली नाही. विनायकराव उठताना म्हणाले की चौकशी करतो, मग बघू. कोळीवाड्यात संध्याकाळपर्यंत विनिताची तीन लग्ने झाली होती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी अहवाल घेऊन दुकानात आल्या. शैलेश त्यांच्याकडे पाठ करून मढवायच्या यंत्रात कागद सरकवत होता. तेवढ्यात मी आरती सुरू केली. रांगेतल्या माणसांनी चपला काढल्या. शैलेशने न वळता मला कानाला लावले. फोन विनायकरावांचा होता. चौकशीसाठी त्यांनी अहवालावर छापलेलाच क्रमांक फिरवला होता. माझा आवाज जन्मतः मोठा आहे, पलीकडचे बोलणे दुकानभर ऐकू जाते.

"विनिता का?"

"हो, मीच बोलते," शैलेश नाजूक आवाजात म्हणाला.

"दयाराम तुमचा कोण?"

शैलेशने खोकून घेतले. "दयारामच बोलतोय."

"आणि खलील?"

"अस्सलामु अलैकुम. फर्माइए."

विनायकरावांनी थोडे घाबरूनच विचारले, "सखूबाई आहेत का घरात?"

"आहेत ना. देते हां," विनिताच्या आवाजात शैलेश म्हणाला, आणि लगेच चिरक्या आवाजात, "बोला बाबा, गुडघे फार दुखतात."

विनिताने त्याच्या हातातून मला काढून घेतले. "काका, विनिता मी बोलते आहे. आत्ता चौघं बोलली, ती इथे एकाच खुर्चीवर बसली आहेत. त्यांचं नाव शैलेश."

गंगाबाई शैलेशकडे पाहत होती. "मेल्या, माज्या पोरीचा आवाज असा हाय?"

पुढच्या रविवारी गावदेवीच्या मंडपात माणसे जमली. विनायकराव उरणहून आले. ज्यांच्या नावापुढे माझा क्रमांक होता, ती सारी आली. मलाही तिथे आणले होते. खलीलने शैलेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझ्या नावानं इतके सलाम केलेस भाई, एकदा ईदला घरी तरी यायचंस." लोक हसले. शैलेश हसला नाही.

विनिताच्या हातात पोलिसांसाठी लिहिलेली तक्रार होती. ती म्हणाली की ही उद्या ठाण्यात जाईल, त्यात बदल नाही. पण आज दुसरे एक मागणे आहे.

"आमचं तुम्ही आम्हाला न विचारता वाचलंत. आता तुमचं तुम्ही वाचा. सगळ्यांसमोर."

शैलेशने काचेच्या फोनवर स्वतःचा अहवाल उघडला. खात्री पटवणारा आकडा माझ्यावर आला. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा निरोप. तो वाचू लागला. नाव, जन्मतारीख, पत्ता. दुकानाचे कर्ज. मग एका ओळीपाशी तो अडला. ती ओळ मला माहीत होती. तिची आठवण देणारा संदेश दर महिन्याला माझ्यावर येई आणि शैलेश तो वाचून पुसून टाकी.

विनिताने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. "पुरे," ती म्हणाली. "तेवढं घरी सांगा."

बायकांच्या बाजूने शैलेशची बायको चंद्रावती उभी राहिली. "घरी सांगायचं असतं तर घरी सांगितलं असतं. वाचा."

त्याने वाचले. सोनेतारण. ते सोने म्हणजे चंद्रावतीच्या पाटल्या आणि तिच्या आईचा हार. चोरांची भीती म्हणून आपण ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले आहेत, असे त्याने तिला सांगितले होते. चंद्रावती खाली बसली.

विनायकरावांनी गंगाबाईची क्षमा मागितली. सुपारी तिथेच, देवीसमोर फुटली. ताटात नारळ होता, पानविडा होता, कागद नव्हता.

माझे कार्ड काढून मोडण्यात आले. मासळी बांधायचे कागद उडू नयेत म्हणून गंगाबाई मला त्यांच्यावर ठेवते. ओले असते, वास येतो, पण या कामात कोणाचे गुपित नाही. आपणास एवढेच विनवतो: आपला अहवाल जरूर पाहा, वर्षातून एकदा तरी पाहा, पण स्वतःच्या क्रमांकावर, स्वतःच्या पासवर्डने पाहा, आणि न जमल्यास पोटच्या पोराला शेजारी बसवून पाहा. परमेश्वर आपल्याविषयी सारे जाणतो आणि कोणाला सांगत नाही. माणसाकडून तशी अपेक्षा धरू नये.

तक्रार पोलिसांकडे गेली आणि शैलेशच्या दुकानाला टाळे लागले. प्रत्येक गिऱ्हाइकासोबत त्याला त्याच्या-त्याच्या बँकेत जावे लागले आणि हा क्रमांक यांचा नाही, मी खोटे बोललो होतो, असे लिहून सही करावी लागली. संगणक, छपाईचे यंत्र, मढवायचे यंत्र, सारे विकून त्याने पाटल्या आणि हार सोडवून आणला व चंद्रावतीच्या पुढे ठेवला. तिने दोन्ही तपासून घेतले, पदराला गाठ मारली, आणि दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन स्वतःच्या नावाने लॉकर उघडला. कोणत्या बँकेत, हे त्याने पुष्कळदा विचारले. तिने ते त्याला अजून सांगितलेले नाही.