देव लिंबाखाली, मी मुरमाखाली

हॅलो... हॅलो, ऐकू येतंय का? मी बोलतेय. कोण म्हणून काय विचारता? ज्या तारेतून तुम्ही एकमेकांना 'कोण बोलतंय?' विचारता, ती मीच. सोलापूर-तुळजापूर रस्त्याच्या कडेला, तामलवाडीच्या शिवारात कमरेइतक्या खोल पुरलेली टेलिफोनची केबल.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. आत तांब्याच्या तारा, त्यांवर कागदाची गुंडाळी, वरून शिशाचं जाड कातडं. मी इथं आले बाहत्तरच्या दुष्काळात, भल्यामोठ्या लाकडी रिळावर बसून. वाटलं होतं, शहरात राहायला मिळेल. मिळाला चर. तो दुष्काळी कामावरच्या बायकांनी खणला होता. त्यांतली धुरपताबाई मला खाली सोडताना शेजारणीला म्हणाली, "येवढी जाड तार मातीत का पुरत्यात गं? उगवणार हाय का?" खरं सांगते, मलाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता.

चर बुजवून माझ्या डोक्यावर एक दगड रोवला. खाली केबल आहे, खणू नका, असं काहीतरी त्यावर कोरलेलं होतं. मला राखणदार मिळाला म्हणून मी निर्धास्त झाले. पण धुरपताबाईला वाचता कुठं येत होतं? "येवढं खंदलं, पर कुणाला इंचू चावला न्हाय, ही ह्याचीच कृपा," असं म्हणून तिनं त्याला शेंदूर फासला. अक्षरं बुजली. माझा राखणदार म्हसोबा झाला.

पुढं बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाऊस हरवला, तेव्हा तिलाच त्या दगडाची कणव आली. "देव उन्हात तापतोय, गाडीचं चाक लागतंय त्याला." चार माणसं लावून तिनं तो पलीकडं कडुलिंबाच्या सावलीत नेला, नारळ फोडला. डोक्यावरचं ओझं गेलं, मला तर हलकंच वाटलं. आपण उघड्यावर पडलोय हे मला कळायला हवं होतं, पण मला वेळेवर कळतं तरी काय? एकाच वेळी इतकी माणसं माझ्यातून बोलतात, की शेंगांचा भाव, लॉजची खोली आणि कुणाचं लग्न, सगळं एकमेकांत कालवलं जातं.

त्याच वर्षी गावच्या सोसायटीनं पाझर तलावासाठी भाड्यानं बुलडोझर आणला. चालवणारा ईरण्णा अक्कलकोटकडचा. त्याची बायको शरणम्मा सोलापूरच्या दवाखान्यात बाळंतपणात अडली होती. तिच्या भावाचा, चन्नबसप्पाचा फोन सोसायटीत आला. आई आणि मूल, दोघांचंही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणत होते. "मशीन दोनच दिस मिळालीया, तळं अर्धं टाकून कसं येऊ?" ईरण्णा रिसीव्हर धरून रडवेला झाला होता. "कायबी कळलं की लगेच फोन कर, मी निघतोच."

दुसऱ्या दिवशी भरावासाठी मुरूम काढायचा होता. समोर लिंबाखाली शेंदराचा दगड दिसला. ईरण्णा खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले. "शरणम्माला सोडव, नारळ फोडतो." मग देवाला धक्का नको म्हणून त्यानं मशीन वळवली, आणि वळवली ती नेमकी माझ्या अंगावर.

वर धडधड वाढत होती. आणि माझ्यातून तेव्हाच चन्नबसप्पाचा फोन चालला होता. इकडून सोसायटीचा सेक्रेटरी व्यंकट म्हणत होता, "हां, ईरण्णा इथंच हाय. बोला, काय झालं?"

तिकडून उत्तर निघालं. आणि पातं बसलं.

काय झालं ते मला कळलंच नाही. माझी दोन टोकं हातभर अंतरावर उघडी पडली. सोलापूरकडच्या टोकापर्यंत निरोप आला होता, तुळजापूरकडच्या टोकाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि दोन्ही टोकं तर मीच! मग मला तो निरोप कळला होता की नव्हता? अजून विचार करते आणि अजून गोंधळते.

व्यंकट धावत आला. "ईरण्णा, सोलापूरचा फोन होता! बोलता बोलता बंदच पडला!" ईरण्णानं पात्याखाली पाहिलं. फाटलेलं शिसं, लोंबणाऱ्या तारा. "म्या देवाला चुकवलं की हो," एवढंच तो म्हणाला, आणि रस्त्यावरचा पहिला ट्रक थांबवून निघून गेला.

धुरपताबाई खड्ड्याच्या काठाशी बसली. "ही तार तर म्याच पुरली व्हती," ती म्हणाली. "पर देव हिचा हाय, हे कुणी सांगितलंच न्हाय."

टेलिफोनची माणसं आली. एकेक तार जुळवून, वर शिसं ओतून त्यांनी मला सांधलं. दगड जागेवर आणा, असं गावाला बजावलं. तळ्याचं काम उरकलं की आणू, म्हणून धुरपताबाई तयारही झाली. मला बुजवलं, पण ईरण्णा आला नाही. मशीनवर दुसराच माणूस आला, तळं पुरं झालं. प्रत्येक फोनला मी कान टवकारायची. दवाखान्याचं कुणी बोलेना. मी तुटले नसते तर त्याला कसला निरोप मिळाला असता, हे कुणाला विचारायचं? मला फार वाईट वाटत होतं.

मग एका दुपारी सोलापूरहून बाईचा थकलेला आवाज आला. "तामलवाडीची सोसायटी का? मी शरणम्मा, मशीनवाल्या ईरण्णांच्या घरची. मी बरी हाय. मुलगी झाली. त्या लिंबाखालच्या देवाचा नारळ राहिलाय आमचा. आमी येईपर्यंत त्याला हलवू नका."

आता बोला! व्यंकटनं गावभर सांगितलं. नवसाला पावलेला देव कोण हलवणार? दगड लिंबाखालीच राहिला. नवा दगड यायचा आहे म्हणतात, पण अजून तरी आला नाही.

म्हणून विनवते, तामलवाडीला आलात तर त्या देवाला खुशाल हात जोडा, पण रस्त्याच्या अंगाला कुदळ घालण्याआधी कुणाला तरी विचारा. माझ्यातून कुणाचं काय चाललेलं असतं, मलाही सगळं कळत नाही. त्या दिवशी शरणम्माच्या बोलण्यामागून एक तान्हं पोर टाहो फोडत होतं, तेवढं मात्र माझ्या सांध्यातून जाताना लख्ख कळलं.