साहेबांचा निळा पेला

खोलीत नऊ गाद्या होत्या, नऊ पेले आणि अठरा बूट. त्यांतला एक कुणीतरी बादलीत बुडवला होता. मुलं नऊ होती. बोलणारी तोंडं आठ.

नववं तोंड साहेबांचं. वय सव्वादोन वर्षं. पाळणाघरात सगळे त्यांना साहेब म्हणत, कारण शब्दही न काढता ते अख्खी खोली चालवत. बोट दाखवलं की ठोकळे, कान चोळला की झोप, सांभाळणाऱ्या मावशीची बाही ओढली की पाणी. डॉक्टरांनी कान तपासले होते. ते उत्तम होते. 'दार लाव' म्हटलं की साहेब दार लावून येत. "त्याचं सगळं मला कळतं," असं मावशी त्यांच्या आईला रोज सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"आज परत वर पाठवणार?" आईने दारातच विचारलं. ती टपाल वाटायची; खांद्यावर थैली होती.

"पाठवणार. सोमवारपासून तिकडेच जायचंय ना त्याला."

"आणि नाही जमलं तर? मी रजा तरी किती काढू, मावशी?"

वरच्या मजल्यावर वीस मोठी मुलं आणि एक ताई. पेले उंच फळीवर. जो मागेल त्याला मिळणार. काल सवयीसाठी साहेबांना तासभर वर सोडलं होतं. ते डोळे लाल करून खाली आले, आणि सोबत आलेला त्यांचा झाकणाचा निळा पेला काठोकाठ भरलेलाच होता. जिन्याखालीच त्यांनी मावशीची बाही ओढली आणि तो एका दमात संपवला.

"ताईला कळलं नसणार," मावशी काल स्वयंपाकघरात म्हणाली होती. "बाहीचं सांगून ठेवते तिला."

"सांग की," काकू कढई घासत म्हणाल्या. स्वयंपाक त्यांच्याकडे असायचा. "मग शाळेत जाऊन सांग, ऑफिसात सांग. लग्नात बायकोलाही सांगून ये, बाही ओढली की पाणी दे म्हणावं."

"चेष्टा नका करू, काकू."

"चेष्टा कसली? त्यानं अर्धं बोट उचललं की तू हजर. बोलेल कशाला तो?"

मावशीने उरलेला दिवस काकूंशी अबोला धरला. घरी जाताना बसमध्ये मात्र तिने आठवून पाहिलं. दिवसभरात साहेबांना जे जे मिळालं, त्यातलं काहीच तिने त्यांना मागू दिलं नव्हतं.

म्हणून आज ती मुद्दाम मठ्ठ झाली.

साहेबांनी फळीवरच्या ठोकळ्यांच्या टोपलीकडे बोट केलं. मावशीने शेजारचा कंगवा काढून दिला. साहेबांनी कंगव्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. जुन्या विश्वासू माणसाचं डोकं फिरलं असावं तसं. पुन्हा बोट. या वेळी तिने मोजा दिला.

"मावशी, त्याला ठोकळे पायजेत!" जिला सगळे रेडिओ म्हणत ती मुलगी ओरडली.

"रेडिओ, तू गप गं. त्याला सांगू दे."

साहेब जमिनीवर आडवे झाले. टाचा आपटल्या, गळा काढला. मावशीचा हात आपसूक टोपलीकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि खाली बसून मांडीखाली दाबून धरला.

"काय हवंय, राजा? मला नाही रे कळत."

इतकं मोठं खोटं ती या खोलीत कधी बोलली नव्हती.

साहेब उठले. नाक तिच्या खांद्याला पुसलं. मग दोन्ही हातांनी तिचे गाल धरून त्यांनी तिचा चेहरा फळीकडे वळवला.

"तिकडे काय? कंगवा?"

"नाई."

रेडिओ हातातलं टाकून जवळ सरकली.

"नाही? मग काय?"

साहेबांनी जीभ दातांना लावली, काढली, पुन्हा लावली.

"थोकला," ते म्हणाले. "दे."

मावशीने अख्खी टोपली त्यांच्यापुढे उपडी केली.

दुपारपर्यंत साहेबांनी ठोकळा मागितला, चेंडू मागितला, पाणी मागितलं आणि जेवणातल्या गाजराला 'नाई' म्हटलं. ओल्या हातांनी बघायला आलेल्या काकूंनाही 'नाई'च ऐकावं लागलं.

"आता भोग," काकू म्हणाल्या, आणि गाजर स्वतःच खाऊन टाकलं.

जेवणानंतर मावशीने निळा पेला काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि साहेबांबरोबर वर पाठवला. ताईला बाहीचं काही सांगितलं नाही. खालची मुलं झोपली तशी मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसली. वर कुणीतरी रडलं. ती उठली, आवाज ओळखीचा नाही हे कळल्यावर पुन्हा बसली.

तासाभराने साहेब कठडा धरून उतरले, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. डोळे कोरडे होते. मावशीने पेला हातात घेतला, झाकण काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरला.

पाणी दोन बोटं कमी होतं.