पाहुण्यांसमोरची चाल

जाताना

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमिनीत बसवलेला एक लांबट राखाडी पट्टा होता आणि त्यावरून सुतळी चालत होती. अनवाणी. अंगावर घट्ट बनियन आणि अर्धी चड्डी. मानेखाली, पाठीवर, कमरेवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर चिकटवलेले चमकते मणी. भिंतीवरचे कॅमेरे त्या मण्यांकडे डोळे लावून बसले होते.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर आई. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. एरवी हे हात शिलाई मशीनवर असायचे. इथे त्यांना काही काम नव्हतं, म्हणून ते पर्सची चेन उघडत होते आणि लावत होते.

सुतळीचं डोकं वर. खांदे एका रेषेत. दोन्ही हात मोजूनमापून सारखे हलत होते. काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन निघाल्यासारखी ती पट्ट्याच्या टोकाला पोचली.

‘‘छान चालतेस की,’’ संगणकामागून फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाली.

आईच्या हातातली चेन अर्ध्यावरच थांबली. कारण ही सुतळीची चाल नव्हतीच.

येताना

सुतळी हे नाव बापाने ठेवलेलं. जन्मली तेव्हा लांबच लांब आणि बारीक. सगळी गल्ली तिला त्याच नावाने हाक मारायची.

ती अकरा वर्षांची असताना फ्रॉकची ट्रायल घेताना आईला दिसलं की उजव्या खांद्याचं हाड मागे आलंय आणि खांदाही वर चढलाय. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, कण्याला थोडा बाक आहे, लक्ष ठेवा. आईने लक्ष ठेवलं, पण तिच्या पद्धतीने. डाव्या खांद्यात कापसाची पातळ गादी. उजव्या बाजूला बोटभर जास्त कापड. कमरेला अशा जागी चुण्या, की खळगा दिसू नये. कापडाने झाकता येईल तेवढं कापडाने झाकलं, उरलेलं चालीने.

ही चाल स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंतच्या बोळकांडीत घडली. रोज संध्याकाळी. ‘‘खांदा. कंबर. हात.’’ सुतळी जायची, यायची, आईकडे बघायची. आई मान हलवायची. दोघी या चालीला पाहुण्यांसमोरची चाल म्हणायच्या आणि हसायच्या. लोक म्हणायचे, पोरगी ताठ चालते हो तुमची. आईला वाटायचं, सुधारतंय. तिच्या धंद्यात जे सरळ दिसतं ते सरळच असतं.

आता सुतळी सतरा वर्षांची. जिन्यात धाप लागते. कॉलेजातून आली की चपलांसकट पलंगावर आडवी होते आणि भिंतीकडे तोंड करते. आणि डाव्या खांद्यातली गादी आईला या वर्षात पुन्हा पुन्हा जाड करावी लागली आहे.

मोठ्या डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. ‘‘एक्स-रेवरून बघितलं तर प्रकरण काठावर आहे. पण तो उभ्या माणसाचा फोटो. बाकामुळे चालणं किती बिघडलंय ते मला बघायचंय. दुपारी आमची बैठक आहे. चाल शाबूत असेल तर वर्षभर थांबू, व्यायाम देऊ. बिघडली असेल तर थांबण्यात अर्थ नाही, ऑपरेशन. कण्याला सळया बसवून जमेल तेवढा सरळ करायचा.’’

‘‘आणि थांबलो, आणि तेवढ्यात वाढलं तर?’’ आईने विचारलं होतं.

‘‘तर मग फुप्फुसाला जागा कमी पडते. आणि ऑपरेशनही अवघड होतं.’’

लिफ्टमध्ये सुतळी म्हणाली होती, ‘‘वर्षभराने काय बिघडतंय एवढं?’’

जाताना

‘‘आणखी एकदा,’’ ताई म्हणाली. ‘‘घरी चालतेस तशी चाल. सैल.’’

‘‘घरी अशीच चालते मी.’’

माप द्यायला उभी राहिलेली बाई पोट आत घेते, श्वास धरून ठेवते. त्या मापाचा ब्लाउज पहिल्याच जेवणात उसवतो. म्हणून आई टेप गळ्यात तशीच ठेवायची आणि आधी गिऱ्हाइकाला बोलतं करायची. सासू, जाऊ, घरमालक, जे लागू पडेल ते. बाई तावातावाने बोलायला लागली की पोट आपल्या जागी येतं. मग टेप.

सुतळी निघाली आणि आईने सुरू केलं.

‘‘काय गं, तुझ्या त्या मैत्रिणीने सायकल दिली का परत?’’

‘‘दिली.’’

‘‘ब्रेक मोडूनच दिली असेल. हातच तसे आहेत तिचे.’’

‘‘नाही मोडला.’’

‘‘आणि काल दूध उतू गेलं ते कुणी पुसायचं? मी? फोनमध्ये डोकं घातलं की घर जळालं तरी तुला—’’

‘‘आई.’’ पाऊल चुकलं नाही, हात चुकला नाही. ‘‘माझं माप घेऊ नकोस.’’

‘‘म्हणजे?’’ ताईने विचारलं.

‘‘काही नाही हो. आई गिऱ्हाइकांना अशीच चिडवते.’’

ताई हसली. कमरेवरचा एक मणी सुटत होता, तो बसवायला चिकटपट्टी आणते म्हणून शेजारच्या खोलीत गेली.

मध्ये

‘‘मुद्दाम करतेयस तू.’’

‘‘काय मुद्दाम?’’

‘‘ती चाल.’’

‘‘कुठली चाल? तूच शिकवलेली?’’

‘‘हळू बोल. सोड ना ती आता.’’

‘‘का? इतकी वर्षं खांदा, कंबर, हात. आणि आता यांना कापायचंय म्हणून सोड?’’

‘‘कापायचं काय गं, नीट करणार—’’

‘‘कापतातच. मानेच्या खालून पार कमरेपर्यंत. सकाळी वॉर्डातल्या एका मुलीने पाठ दाखवली मला. तुला काय, तू शिवणारी बाई. कापायचं, शिवायचं, झालं.’’

आईने पर्सची चेन लावली. उघडली.

‘‘दुखतं ना तुला?’’

‘‘दुखतं.’’

‘‘मग?’’

‘‘मग दुखू दे. ते माझ्या ओळखीचं आहे.’’

‘‘मी सांगते त्यांना. ही हिची चाल नाही म्हणून.’’

‘‘सांग. मग मी चालणारच नाही. इथे पट्ट्यावर बसेन. फरफटत नेऊन दाखव.’’

ताईची पावलं. सुतळीने हसरा चेहरा चढवला, तोही बोळकांडीतलाच.

येताना

मणी बसला. ताई म्हणाली, ‘‘ही शेवटची फेरी घेऊ. यानंतर दुसरा पेशंट आहे. आणि सरांना दुपारपर्यंत द्यायचं आहे सगळं.’’

सुतळी गेली. सरळ. वळली. आता ती आईच्या खुर्चीच्या दिशेने येत होती, सरळ, सरळ, आणि अर्ध्या पट्ट्यावर तिने आईकडे बघितलं. निमिषभर. बरोबर ना?

आणि आईची मान हलली. हो म्हणून. तिने हलवली नव्हती, आपली आपणच हलली.

तेव्हा आईला कळलं. रागावलेली असो, घाबरलेली असो, पोर चालत होती ती आईला दाखवायला. समोर कॅमेरे होते, ताई होती, पण पाहुणा एकच होता आणि तो खुर्चीत पर्स घेऊन बसला होता.

ती उठली.

‘‘मॅडम, अजून एकदा घेता येईल? पाया पडते हवं तर. मी बाहेर बसते.’’

‘‘कुठे चाललीस?’’ सुतळी.

‘‘बाहेर. तुला चालायचं तशी चाल. मी कुणाला काही सांगणार नाही. घरी गेल्यावर विचारणारही नाही कशी चाललीस ते.’’

‘‘रागावलीस?’’

‘‘नाही गं बाई.’’

दाराबाहेर

दाराला काच होती. आई काचेकडे पाठ करून बाकावर बसली. समोरून कुणी चाकाची खुर्ची ढकलत नेली. एक म्हातारा खोकला, थांबला, पुन्हा खोकला.

आतून पावलं.

थप. थप. थप. थप.

तीच चाल. घड्याळासारखी. आईने डोळे मिटले. संपलं. वर्षभर व्यायाम, वर्षभर जाड होत जाणारी गादी, आणि पुढच्या वर्षी याच बाकावर.

थप. थप.

मग काहीच नाही.

‘‘काय झालं? थकलीस?’’ ताईचा आवाज.

आईची मान मागे वळायला लागली. तिने ती आवरली, दोन्ही हातांनी बाक धरला. आत कुणी नाक ओढलं. कुणीतरी पट्ट्यावर पाय नुसते घासले, जागच्या जागी.

थप—थप्प.

थप—थप्प.

एक पाऊल हलकं, घाईतलं, पडलं न पडलं तोच उचललेलं. दुसरं जड. मधे घासल्याचा बारीक आवाज.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. भल्या सकाळी भिंतीपलीकडून यायचा, पोरगी न्हाणीघराकडे जाताना, घरात कुणी जागं नाही असं समजून. आई मग मशीनचं पॅडल मारायची. काम नसलं तरी.

थप—थप्प. गेलं. परत आलं. पुन्हा गेलं.

आतला फोन उचलल्याचा आवाज. ‘‘सर, जरा खाली येऊन जाता का? नाही, स्क्रीनवर नको. समोर बघा.’’

थोड्याच वेळात मोठे डॉक्टर लगबगीने आत गेले. दार लागलं. ते पुन्हा उघडलं तेव्हा फटीतून सुतळीचं डोकं बाहेर आलं. डोळे लाल.

‘‘आत ये.’’

‘‘नको. इथेच बरी आहे मी. मी समोर असले की तू—’’

‘‘नाही करणार. ये. त्यांना परत बघायचंय.’’ मग, दार धरून, ‘‘तूही बघून घे ना एकदा.’’

जाताना

आई डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिली.

सुतळी निघाली. डावा खांदा पुढे, गर्दीतून वाट काढावी तसा. डावा हात अंगाला चिकटलेला, हलत नव्हता म्हटलं तरी चालेल. कंबर वळत नव्हती; छातीपासून खुब्यापर्यंत सगळं एकसंध, कपाट सरकवल्यासारखं पुढे जात होतं. डाव्या पायाचं पाऊल आखूड. उजव्यावर सगळा भार. धड एका बाजूला कलायचं आणि दर पावलाला डोकं पुन्हा मध्यावर आणावं लागायचं, म्हणून मानेची शीर ताठलेली. बनियनखाली कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरासारखे ओढलेले, सुटतच नव्हते. एवढ्याशा पट्ट्यावर चालायला पोरीला केवढं काम पडत होतं.

आणि हे लपवायला, आईच्या मनात आलं, याच्यावर आणखी.

‘‘कधीपासून अशी चालते?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘बऱ्याच वर्षांपासून असेल. मी तिला तसं चालू दिलं नाही.’’

डॉक्टरांनी एकदा आईकडे बघितलं. ‘‘थांबायचा प्रश्नच नाही,’’ ते ताईला म्हणाले. ‘‘बैठकीत मी तसं सांगतो. याच महिन्यात घेऊ.’’

पट्ट्याच्या त्या टोकाला सुतळी भिंतीला हात टेकून उभी होती, पाठ इकडे. तिने ऐकलं होतं. पाठीवरचे मणी वर-खाली होत होते.

आईने पर्सची चेन उघडली आणि लावली.

‘‘सर,’’ सुतळी भिंतीलाच म्हणाली, ‘‘भूल देतात तेव्हा आई असते जवळ?’’

‘‘आत नाही. थिएटरच्या दारापर्यंत येऊ शकते.’’

‘‘दारापर्यंत कुणीही येतं.’’

‘‘मी विचारून बघतो,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘वचन देत नाही.’’

‘‘विचारा.’’

मग ती वळली. घाई केली नाही. एक खांदा पुढे घालून, जमिनीकडे बघत, ती परत यायला निघाली, आणि पट्ट्याच्या कडेला उभे असलेले डॉक्टर तिला जागा द्यायला दोन पावलं मागे सरले.