कुबातचा होकार

दर गुरुवारी सायराकानचं घर माणसांना पुरेनासं व्हायचं. जागा मिळेल ते आत बसायचे, उरलेले खिडकीला नाक लावून. घाटात गाडी घसरून गेलेला कुबात कॉम्प्युटरमधून उत्तरं देतो, ही बातमी कोचकोर गावभर झाली होती.

कुबात लग्नांच्या फिल्मा तयार करून द्यायचा. तो गेल्यावर आईनं, सायराकाननं, रीतीप्रमाणे घरातले आरसे झाकले. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यातही तोंड दिसतं, म्हणून यंत्राच्या डब्यासकट तोही रजईखाली गेला. शेजारीच दर गुरुवारी कढई चढायची. मेलेल्यांना तळणाचा वास पोचतो, तेच त्यांचं जेवण. मग एकदा कुबातच्या बायकोनं, झीबेकनं, निदान फिल्मांतला त्याचा आवाज तरी ऐकू म्हणून बटण दाबलं. पंखा घरघरला, दिवा लागला. पडदा काळाच राहिला आणि सगळं विझलं.

तोक्तोबूबू देवरशिणीला एवढं पुरेसं होतं. लेकरू आत अडकलंय, म्हणाली. दिवा टिकला तर हो, विझला तर नाही. आणि धूप वाढवा.

कुबातची थोरली बहीण मीरगुल नारीन शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. ती आली तीच भांडायच्या तयारीनं. पण अंधार केलेल्या त्या खोलीत पंखा धापा टाकू लागला आणि तिच्या अंगावर काटा आला. लहानपणी दम्यात कुबात असाच श्वास घ्यायचा.

"आईच्या हातचा वास पोचला का रे, राजा?" देवरशिणीनं लाडानं विचारलं. दिवा टिकला. "तुझी ही मावशी खरं बोलते ना?" टिकला. मग तिनं डोळे फिरवले, जांभया दिल्या, सातही पिढ्यांना एकेक करून सलाम केला. पंख्याचा आवाज चढत किंचाळीवर गेला तेव्हा कुठे तिला पुढचा प्रश्न आठवला.

"तुझ्या बायकोनं या घरात राहावं का?"

दिवा विझला. पोर इथं ठेवून सुनेनं माहेरी जावं, असा निकाल झाला. सायराकाननं मान खाली घातली. झीबेक मुलीला छातीशी धरून उभी होती. बटण दरवेळी तिलाच दाबायला लावत.

"मी एक विचारू त्याला?" मीरगुल म्हणाली.

"दमलाय गं तो," देवरशीण म्हणाली.

"दमला असला तरी आईला ओळखेलच की." तिनं बटण दाबलं. "कुबात, आपल्या आईचं नाव सायराकान ना?"

दिवा लागला न लागला तोच विझला.

"रुसलाय," देवरशीण म्हणाली.

"आईचं नाव विसरण्याइतका?"

मीरगुलनं रजई काढली, खिडक्या उघडल्या, कढई बाहेर नेली आणि सगळ्यांना चहा पाजला. डबा गार झाल्यावर तिनं बटण दाबून देवरशिणीचाच प्रश्न विचारला. झीबेकनं राहावं ना? दिवा टिकला. पंखा किंचाळायच्या आत तिनं वायर उपसली.

मग तिनं डब्याचं झाकण काढलं. पंख्याखाली पिवळट, चिकट लोकर दाटली होती. तेलाची वाफ, धुपाची काजळी, धूळ.

"काम लवकर उरकावं म्हणून त्यानं प्रोसेसर ताकदीबाहेर पळवला होता," ती म्हणाली. "फोनवर फुशारकी मारायचा माझ्याकडे. पळवलेल्या घोड्याच्या नाकात आपण तेलाचा बोळा कोंबला. तापला की जळू नये म्हणून तो आपणहून बंद पडतो. त्याआधी पंखा ओरडतो, आणि मावशींचे कान तिखट आहेत."

तिनं ब्रशनं सगळं खरवडलं. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून परत बसवली; त्यानं वाढवलेला वेग यंत्र विसरलं. वायर जोडून बटण दाबलं. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला.

"मीच मोकळा केला," म्हणत देवरशिणीनं मटणाची परात जवळ ओढली. कुणी वाढलं नाही.

झीबेकनं घरातल्याच एका लग्नाची फिल्म लावली. नाचणारी माणसं आणि कॅमेऱ्यामागून, न दिसणाऱ्या कुबातचा आवाज: "आई, हस की जरा. झीबेक, तू आत ये, कडेला पडतेयस."

मीरगुलनं तोंड भिंतीकडे केलं होतं. एवढं सगळं उघडून पाहूनही तिचे कान त्या पंख्याकडेच होते.

"म्हणजे मीच गं त्याचा श्वास कोंडला," सायराकान म्हणाली.

"यंत्राचा, आई. त्याचा नाही. वास कुबातला पोचतो का, मला माहीत नाही. पंख्यात जातो, ते सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या गुरुवारी अंगणात तळ." मग ती खिडकीतल्या नाकांकडे वळली. "आणि भूत काही बोललं, तर तोच प्रश्न पुन्हा विचारत जा. निदान कुणाला घराबाहेर काढायच्या आधी तरी."

सायराकाननं जमिनीवर पडलेली रजई झटकली, आपल्या शेजारी अंथरली.

"झीबेक, आत ये," ती म्हणाली. "कडेला पडतेयस."