अर्जुनरावांचा फोटो सांभाळताना

मित्रांनो, मी एक जुनी आणि आता फार घाबरट झालेली हार्ड डिस्क आहे. जळगाव जामोदला बसस्टँडजवळ उत्तमरावांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या संगणकात मी राहते. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतात ती इथली माणसे. तालुक्यातली किती लग्ने, किती बारशी मी पोटात ठेवली. "आपली डिस्क लय भरोशाची," असे उत्तमराव गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मी फुलून जाई.

माझ्यावर संकट आले ते मायेपोटीच. खंडेनवमीला उत्तमरावांनी संगणकाला हळदीकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. "आज तुलेबी आराम," असे म्हणून त्यांनी थेट बोर्डाचे बटण बंद केले. मी तेव्हा फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवत होते. कोणता फोटो कुठे ठेवला याची नोंद अर्धवटच राहिली.

दसरा झाल्यावर दुकान उघडले, तर संगणक सुरूच होईना. नेमक्या त्याच सकाळी भाजीबाजारात बसणाऱ्या सुभद्राबाई आल्या. त्यांचे यजमान अर्जुनराव नुकतेच वारले होते.

"भाऊ, परवा तेरवी आहे. त्यायनं जन्मात फोटो काढू नाही देल्ला. पुतणीच्या लग्नात तुम्ही काढला, तेवढाच एक. तो पाह्यजे मले."

फोटो माझ्याकडेच होता, पण कुठे ते मलाच सापडेना. मी इतकी घाबरले की माझ्यातून टकटक आवाज येऊ लागला.

उत्तमरावांची मुलगी संजीवनी बुलढाण्याला संगणक शिकते. ती सुटीला घरी आली होती. तिने पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर ना चित्रे, ना माउसचा बाण, नुसती पांढरी अक्षरे. तिने मला तपासायची आज्ञा टाइप केली. माझी एकेक जखम पडद्यावर येऊ लागली आणि प्रत्येकीपुढे प्रश्न होता: दुरुस्त करू का, हो की नाही?

"सगळ्याले हो म्हण अन् मोकळी हो," उत्तमराव म्हणाले.

दुरुस्तीत जे तुकडे जुळत नाहीत, ते कधी कधी पुसूनही जातात.

"नाही बाबा. एकदा हो म्हटलं का वापस येता येत नाही. आधी इची नक्कल घेऊ."

नक्कल होईपर्यंत मी कशीबशी फिरत राहिले. मी थांबले तर अर्जुनराव कायमचे गेले, एवढेच मनात होते. नवी डिस्क भरली. मगच संजीवनीने माझ्यावर दुरुस्ती चालवली आणि एकेका प्रश्नाला हो म्हणत गेली.

ज्या फोटोंची नावे हरवली होती, ते हरवल्या-सापडल्याच्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांनी जमा झाले. संजीवनी एकेक उघडू लागली. कुणाची पंगत, कुणाचा मांडव, कुणाचे नुसते पाय. सुभद्राबाई दर वेळी मान हलवत होत्या. मग एक फोटो अर्धाच उघडला. खालचा भाग सगळा राखाडी. वर फेटा बांधलेला एक माणूस तोंड फिरवून, हात आडवा धरून उभा होता.

"हेच," सुभद्राबाई म्हणाल्या. "इथंबी नकोच म्हणून राह्यले." पडद्यावर बोट ठेवून त्या खूप रडल्या.

तेरवीला तोच अर्धा फोटो भिंतीवर लागला. त्याची एक प्रत नव्या डिस्कवरही आहे, म्हणून मला थोडा धीर वाटतो. पण बोर्डाकडे कुणाचा हात गेला की अजून धडधडते. मित्रांनो, मला हळदीकुंकू नको, फूल नको. बटण बंद करण्याआधी फक्त एवढे विचारा, झाले का ग तुझे काम?