नदीतला पत्ता

जीप तिसऱ्या उतारापाशी आली तेव्हा नुकतं फटफटत होतं. आधी ओलांडलेले नदीचे दोन उतार किरकोळ होते, चाकं भिजण्यापुरतं पाणी. हा तिसरा मात्र खोल. पाण्यावर धुकं असं पसरलं होतं, की नदी अजून पांघरुणातून उठलेलीच नाही असं वाटावं. धाकट्यानं इंजिन बंद केलं आणि मागच्या चौदा पेट्यांतल्या मधमाश्यांची गुणगुण एकदम मोठी झाली. जणू गाडीच मनाशी काही पुटपुटत होती.

त्याची पन्नाशी उलटली होती, तरी ताईसाठी तो धाकटाच. माश्या ताईच्या, गाडी त्याची. नदीपलीकडे सूर्यफुलं फुलली की तो पेट्या तिकडे पोचवायचा, दरसाल.

गेल्या साली याच उतारात त्याची नजर खाली पाण्यावर गेली होती. वाहत्या पाण्याकडे टक लावून बघितलं की पाणी थांबतं आणि गाडीच वाहायला लागते. तसा भास त्याला झाला, त्यानं प्रवाहाविरुद्ध स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी खडीचा पट्टा सोडून डोहाच्या कडेला रुतली. ट्रॅक्टर येईपर्यंत ऊन तापलं. ताई पलीकडे वाट बघत होती आणि पेट्यांच्या जाळ्या उघडायचं ह्याला सुचलंच नाही. अकरा पेट्यांतल्या माश्या कोंडून मेल्या. ताई त्याला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं. ट्रॅक्टरवाल्यानं मात्र त्याचं नाव पाणघोडा ठेवलं, आणि ते चिकटलं.

यंदा ताई स्वतः शेजारी बसली होती. राहिल्या होत्या त्या एवढ्याच पेट्या. ह्या गेल्या तर तिचं तीस वर्षांचं काम इथंच संपलं असतं.

"तळ बघितलास?"

"काठीनं चाचपून आलो. गुडघ्याच्या वर जरासं पाणी. तळ घट्ट आहे."

"मग काय, नदी आटायची वाट बघतोयस?"

त्यानं पलीकडच्या काठावरचं पांढऱ्या खोडाचं झाड नजरेत धरलं आणि गाडी पाण्यात घातली. बंपरपुढं पाण्याची एक गुबगुबीत वळी उभी राहिली आणि पुढं पुढं सरकू लागली. झाड धुक्यात तरंगत होतं. त्याला वाटलं, आपण गाडी चालवत नाही, झाडच आपल्याला हळूहळू ओढून घेतंय. त्यानं एकदाही खाली बघितलं नाही. मधोमध आल्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"काय रे?"

"पट्टा," तो म्हणाला.

"कसला पट्टा?"

"पंख्याचा. खोल पाण्यात शिरण्याआधी काढायचा असतो. नाहीतर पंखा पाणी उचलतो आणि वायरींवर शिंपडतो."

"तू तर दर वेळी काढतोस."

"दर वेळी काढतो गं! पण वर्षभर एकच घोकत होतो, खाली बघायचं नाही, खाली बघायचं नाही. त्या नादात..."

ताई हसली. अशा वेळी कुणी हसू नये असं, पोटभर हसली. मग पदर खोचून मागे चढली, माश्यांना शांत करायचं धुराडं पेटवलं आणि एकेका पेटीची जाळी काढू लागली.

"अगं, इथं? नदीत?"

"मग उन्हात कोंडून ठेवू?"

माश्या बाहेर आल्या. आधी प्रत्येक माशी पेटीकडे तोंड करून तिच्यासमोर झुलली, मग थोडी मागे सरून मोठमोठी वर्तुळं घेऊ लागली. नवीन जागी उतरल्यावर माश्या असा पत्ता पाठ करतात, हे त्याला माहीत होतं. पण आज त्यांनी पाठ केला तो नदीच्या मधोमध उभ्या असलेल्या जीपचा. मग धुकं विरलं आणि पलीकडच्या पिवळ्या शेतांकडे पाण्यावरून एक सोनेरी दोरी ताणली गेली. जाणाऱ्या माश्या, येणाऱ्या माश्या. पाण्याचा आवाज आणि पंखांचा आवाज कुठं वेगळा होतो ते कळेना.

त्यानं पट्टा काढला, वायरी पुसून बॉनेटवर वाळत घातल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तो पाण्याकडे बघत बसला. वरून सगळं सारखंच दिसणारं पाणी खडीवरून जाताना बारीक चुण्या घालतं आणि डोहावर येताच तुकतुकीत, गुळगुळीत होतं, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. मध्येच त्याचा डोळा लागला. झोपेत गाडी फुलांतून चालली होती आणि फुलं बंपरपुढं वळी होऊन सरकत होती.

दुपारी वायरी जोडून त्यानं चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. तेवढ्यात काठावर ट्रॅक्टरवाला येऊन उभा राहिला.

"काय पाणघोडे! यंदाही आंघोळीला का?" त्यानं हाक दिली. "चालू झाली ना? मग आण की बाहेर! वर पाऊस झालाय, पाणी चढतंय!"

खरंच, सकाळी उघडी असलेली दाराखालची पायरी आता पाण्याखाली गेली होती. दहा मिनिटांचं काम होतं. त्यानं गिअरला हात घातला आणि ताईकडे बघितलं.

"निम्म्या बाहेर आहेत," ताई म्हणाली. "त्या इथंच परत येणार. गाडी नसली तर पाण्यावर घिरट्या घालतील आणि दमून पडतील."

"आणि पाणी आणखी चढलं तर सगळ्याच जातील."

"हो."

"मग काय करू?"

"पाण्यातलं मला काय कळतं? मला माश्यांतलं कळतं, ते सांगितलं. गाडी तुझी."

तो पाण्याकडे बघत राहिला. खडीवरच्या चुण्या अजून दिसत होत्या, फक्त रुंदावल्या होत्या. पाणी चढत होतं, पण घाई करत नव्हतं. त्यानं चावी फिरवली. इंजिन गप्प झालं.

"पडली पुन्हा बंद!" ट्रॅक्टरवाल्यानं टाळीच वाजवली. "संध्याकाळी येतो हो, गाळातून उपसायला!"

धाकट्यानं हात हलवून त्याला निरोप दिला.

दिवस कलला तसं पाणी दारातून आत आलं आणि पायांशी खेळू लागलं. मागच्या पेट्या उंच फळ्यांवर होत्या, तिथवर ते पोचलं नाही. पाय वर घेऊन दोघं बसून राहिली, लहानपणी खाटेवर बसायची तशी. सूर्य टेकला आणि ती सोनेरी दोरी हळूहळू गाडीत गुंडाळली गेली. शेवटी माश्या एकेकट्या येऊ लागल्या, परागांनी पाय जड झालेल्या, अडखळत. ताईनं शेवटची जाळी बसवली तेव्हा तिचं तोंड दिसण्याइतकाही उजेड नव्हता.

"झालं बाबा. ने आता," असं म्हणून ती सीटवर टेकली.

काठी घेऊन तो पाण्यात उतरला. पाणी आता कमरेला लागलं. तळ तोच, घट्ट. परत येऊन त्यानं चावी फिरवली आणि इंजिन लागलं. काठावरचं झाड मात्र अंधारानं पुसून टाकलं होतं. नजरेत धरायला काही उरलं नव्हतं.

मग त्यानं खाली बघितलं. हेडलाइटच्या पिवळ्या उजेडात चुण्या चमकत होत्या, डाव्या हाताला थोड्या वळत पलीकडे गेलेल्या. पाणी थांबलं आणि गाडी वाहू लागली, तसंच वाटलं. वाटू दे, तो मनाशी म्हणाला, आणि प्रवाहाविरुद्ध स्टिअरिंग न फिरवता चुण्यांवरून जात राहिला.

अर्ध्या वाटेत पाणी बॉनेटला टेकलं. कुणीतरी "नीट चाललंय" असं म्हणावं म्हणून त्यानं शेजारी बघितलं.

"ताई?"

ताई मान एका बाजूला टाकून गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, पाय पाण्यात.

त्यानं पुन्हा हाक मारली नाही. पुढची चाकं काठावर चढली तेव्हा गाडी हिंदकळू नये म्हणून तो इतका हळू गेला, की पाण्यातून बाहेर कधी आलो हे त्याचं त्यालाच कळलं नाही.